पेलाभर गार पाणी

सामान्य काळातील तेरावा रविवार
पहिले वाचन : २ राजे ४:८-११, १४-१६
दुसरे वाचन : रोम ६:३-४, ८-११
शुभवर्तमान : मत्तय १०:३७-४२



आजचे शुभवर्तमान ऐकताना सुरुवातीला छाती दडपते. आईबापांपेक्षा आणि मुलाबाळांपेक्षाही प्रभूवर अधिक प्रेम करायचे, आपापला क्रूस उचलून त्याच्यामागून चालायचे. आपला जीव मुठीत घट्ट धरून बसणाऱ्याच्या हाती शेवटी काहीच उरत नाही, असे प्रभू येशू बजावतो. एवढे जड बोलून झाल्यावर तो शेवट कशाने करतो? पेलाभर गार पाण्याने! आपल्या शिष्यांतल्या एखाद्या लहानग्याला कोणी तेवढे पाणी जरी दिले, तरी देवाच्या दरबारी त्याची नोंद राहील, असे तो सांगतो.

इथे एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. संत मार्कच्या शुभवर्तमानातही हा विचार आला आहे (९:४१), पण तिथे नुसते पाणी आहे. संत मत्तय मात्र पाणी 'गार' असल्याचे आवर्जून लिहितो. त्या एका शब्दामागे कोणाचे तरी कष्ट आहेत. उन्हाच्या प्रदेशात घरातले पाणी दुपारपर्यंत कोमट होते. ते गार हवे असेल तर कोणीतरी उठून विहिरीवर जायला हवे. नाहीतर माठ सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर ठेवण्याची सकाळीच आठवण हवी. आपल्या वसईच्या वाड्यांतल्या आजींना विचारा, माठाभोवतीचे फडके दिवसातून किती वेळा भिजवावे लागायचे! पाणी पिणाऱ्याला त्याचा गारवा कळतो, फडके भिजवणारा हात मात्र दिसत नाही.

आज मला तुमच्याशी अशाच एका न दिसणाऱ्या हाताविषयी बोलायचे आहे.

आपल्या धर्मग्रामात अशी बरीच घरे आहेत, जिथला मुलगा बारावीनंतर, कधी दहावीनंतर आयटीआयला गेला आणि दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड करून बाहेर पडला. आपल्या आधीच्या पिढीतले अनेकजण हेच काम करायला आखातात गेले. त्यांच्या घामावर इथली घरे उभी राहिली आणि बहिणींची लग्ने झाली. आताच्या मुलांपैकी कोणी कंपनीत लागतो, कोणी मॉलमध्ये. कोणी महानगरपालिकेच्या रुग्णालयात किंवा कार्यालयात, बहुतेक वेळा ठेकेदारामार्फत, 'हेल्पर' किंवा 'ज्युनियर टेक्निशियन' म्हणून रुजू होतो. पालिकेत नुकत्याच लागलेल्या या शेवटच्या मुलाकडे आज आपण शुभवर्तमानाच्या उजेडात पाहू या.

हे काम छोटे आहे का?

पहाटेची लोकल पकडून तो जातो. पाठीवरच्या पिशवीत पाने, स्क्रू ड्रायव्हर, क्लॅम्प मीटर आणि आईने दिलेला डबा असतो. नवीन माणसाच्या वाट्याला येते ते घाणीचेच काम. जाळ्या काढून धुवायच्या, कॉइलवर चिकटलेली धूळ साफ करायची, तुंबलेली ड्रेनची नळी मोकळी करायची. शिडी धरायची, गॅसचा सिलिंडर चार मजले वर न्यायचा. कठड्याबाहेर बसवलेल्या युनिटपर्यंत वाकून हात पोचवायचा. मेन स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि बेसावध हाताला झटका देते, हे त्याला पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे लागते.

मशीन नीट चालले की त्याची कोणालाच आठवण होत नाही. ते बंद पडले की मात्र सगळ्यांना त्याचे नाव आठवते, आणि ते रागाने घेतले जाते.

आपल्या समाजात त्याची किंमत कशी ठरते, तेही पाहा. लग्नाची बोलणी चालू असतात. "मुलगा काय करतो?" "महापालिकेत आहे." ऐकणाऱ्यांचे चेहरे खुलतात. "पर्मनंट आहे ना?" "नाही, ठेकेदाराकडे. एसीचे काम करतो." लगेच आवाज खाली येतो आणि चहाचे कप उचलले जातात. मुलगा व्यसनी नाही, मिस्सा चुकवत नाही, घरी पगार आणून देतो, हे विचारायचे राहूनच जाते.

पवित्र बायबल माणसाला असे मोजत नाही. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाच्या कारागिराविषयी वाचा. निवासमंडपाचे काम करण्यासाठी देव त्याला नाव घेऊन बोलावतो आणि आपल्या आत्म्याने भरतो. तो याजक नव्हता आणि संदेष्टाही नव्हता. धातू, लाकूड आणि रत्ने घडवणारा माणूस होता. पवित्र आत्मा हातांच्या कौशल्यातूनही काम करतो, ही शिकवण इतकी जुनी आहे. ज्या नाझरेथच्या घरात देवाचा पुत्र वाढला, त्या घराची चूलही कारागिराच्या मजुरीवर पेटत होती. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफचा सण म्हणून दिला, तो यासाठीच.

ही थंडी कोणासाठी?

कोणी म्हणेल, "फादर, सुतारकाम निराळे. एसी म्हणजे साहेबांची चैन!" काही ठिकाणी ते खरेही आहे. त्याविषयी पुढे बोलेन. पण कृत्रिम थंडीचा इतिहास साहेबांच्या केबिनपासून सुरू होत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात अपालाचिकोला नावाच्या बंदरगावी जॉन गोरी नावाचे डॉक्टर होते. काही काळ ते त्या गावचे महापौरही होते. तापाने फणफणलेल्या रोग्यांच्या खोल्या गार कशा ठेवता येतील, याचा त्यांना ध्यास लागला. त्यातून त्यांनी बर्फ करणारे यंत्र बनवले आणि १८५१ साली त्याचे पेटंट मिळवले. त्यांच्या हयातीत त्या यंत्राला यश आले नाही. १८५५ साली ते वारले. आज जगभर चालणाऱ्या शीतयंत्रांच्या मुळाशी ज्यांची धडपड आहे, त्यांत हा एक डॉक्टर आहे, आणि त्याला थंडी हवी होती ती रोग्यांसाठी.

आता पालिकेच्या रुग्णालयात या. तिथल्या रक्तपेढीत लाल पेशींच्या पिशव्या २ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. शस्त्रक्रियागृहात हवा नुसती गार असून चालत नाही, ती गाळलेली असावी लागते. शवागारात एखाद्या गरिबाचा देह, त्याचा मुलगा गावाहून येईपर्यंत सन्मानाने राहावा, म्हणून तिथले मशीन रात्रंदिवस चालावे लागते. मृतांना मूठमाती देणे हे आपल्या ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत गणले आहे. शवागाराचा कॉम्प्रेसर दुरुस्त करणारा मुलगा त्या कृत्यात सहभागी असतो. कदाचित त्याला हे कोणी सांगितलेले नसेल.

आणि लसीकरणाची खोली! तिथे पांढरी पेटी दिसते, ती शीतपेटी. बाळांच्या बहुतेक लसी तिच्यात २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवतात. १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात कोविडचे लसीकरण सुरू झाले. तेव्हा आपण रांगेत उभे राहून घेतलेल्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या लसीही याच तापमानात जपलेल्या होत्या. ज्या नर्सताईने सुई टोचली तिचे आपण आभार मानले, आणि ते योग्यच होते. पण कारखान्यापासून तिच्या हातापर्यंत ती कुपी गार ठेवणारे जे हात होते, त्यांचे आभार मानायला आपल्यापैकी किती जण थांबले?

लस उन्हाने बिघडते, हे सर्वांना ठाऊक असते. जास्त थंडीनेही ती बिघडते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, धनुर्वात या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. अनेक कुप्यांवर उष्णता दाखवणारी एक खूण असते. जास्त उष्णता लागत गेली की त्या खुणेचा रंग बदलतो. गोठलेली लस मात्र ती खूण ओळखू शकत नाही. म्हणजे पेटीचा थर्मोस्टॅट बिघडला, रात्री काटा शून्याखाली गेला आणि सकाळी पुन्हा वर आला, तर कुपी वरवर ठीक दिसू शकते. आई बाळाला घेऊन येते. सुई टोचली जाते, बाळ रडते, कार्डावर शिक्का बसतो आणि आई निश्चिंत मनाने घरी जाते. फक्त बाळाला मिळायला हवे ते संरक्षण मिळालेले नसते.

प्रभूने ज्या लहानग्यांविषयी सांगितले, ते हेच लहानगे नव्हेत काय? शीतपेटीचा काटा चार अंशांवर राखणे म्हणजे त्यांच्या ओठी पेलाभर गार पाणी लावणेच आहे.

सही करू की नको?

मागे एका तरुणाने मिस्सानंतर मला गाठले. तो अशाच कामावर नवीन लागला होता. म्हणाला, "फादर, त्या दिवशी चार मशिनं तपासायची होती. मी आणि माझा जोडीदार मिळून दोनच झाली. सुपरवायझर म्हणाला, चारही कागदांवर सही कर, नाहीतर ठेकेदाराचं बिल अडकेल. मी सही केली नाही तर उद्या माझ्या जागी दुसरा पोरगा उभा असेल. घरी बाबा आजारी आहेत. सांगा, काय करू?"

बंधू-भगिनींनो, प्रश्न साधा दिसतो, पण तो चव्हाट्यावर उभे राहून सोडवता येत नाही. ज्याच्या घरचे रेशन त्या सहीवर अवलंबून आहे, त्याला आपण पोटभर जेवून उपदेश करू नये. म्हणून मी आधी त्याला शेजारी बसवले, घरची चौकशी केली आणि मग आम्ही दोघांनी मिळून विचार केला.

सही म्हणजे काय? ती नुसती शाईची रेघ नाही. सही म्हणजे दिलेला शब्द. मशीन तपासले, असे लिहून खाली आपले नाव घालणारा माणूस, कधीही न भेटलेल्या एका आईला सांगत असतो, "ताई, निर्धास्त राहा. मी पाहिले आहे." संत थॉमस अक्वायनास शिकवतात की, माणसांना एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवता आला नाही तर माणसांचा समाजच टिकणार नाही. म्हणून सत्य हे आपण एकमेकांचे देणे लागतो. हा विचार सातशे वर्षांहून जुना आहे, पण तो रुग्णालयाच्या भिंतीला दोरीने टांगलेल्या नोंदवहीला तंतोतंत लागू पडतो. डॉक्टर त्या वहीवर विश्वास ठेवतात. नर्स डॉक्टरांवर विश्वास ठेवते, आणि आई नर्सवर. साखळीची पहिलीच कडी खोटी असली, तर पुढच्या सगळ्या कड्या प्रामाणिक असूनही काही उपयोग होत नाही.

खोटे लिहायचे नाही, हे ठरले. पण खरे कसे लिहायचे? प्रभूने आपल्याला सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निष्कपट व्हायला शिकवले आहे. हे आजच्याच अध्यायात थोडे आधी आले आहे. आम्ही असे ठरवले की, जी दोन मशिने तपासली त्यांवर तारीख, वेळ आणि वाचलेले तापमान लिहून त्याने सही करावी. उरलेल्या दोन कागदांवर 'तपासणे बाकी' असे स्वच्छ अक्षरांत लिहावे. सुपरवायझरशी भांडू नये. "सर, उद्या सकाळी अर्धा तास आधी येऊन ही दोन करतो, मग सही करतो," असे आपण होऊन सांगावे. आणि लसीची पेटी तपासायची राहिली असेल, तर ती सांभाळणाऱ्या ताईंच्या किंवा औषधनिर्मात्याच्या कानावर ते त्याच दिवशी घालावे.

त्याने तसे केले. सुपरवायझर दोन शब्द बोलला, पण सकाळी उरलेली मशिने झाली. त्यांतल्या एकाची ड्रेनची नळी तुंबलेली निघाली, दुसरे ठीक होते. पुढच्या महिन्यात त्या तरुणाची बदली लांबच्या दवाखान्यावर झाली. आता त्याला रोज दीड तास जास्त प्रवास पडतो. ही बदली त्या गोष्टीमुळे झाली की सहज झाली, ते त्याला कोणी सांगितले नाही.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. खरे वागले की लगेच बढती मिळते, असे शुभवर्तमान सांगत नाही. आज प्रभूने पेल्याआधी क्रूसाविषयी सांगितले, ते विसरू नका. क्रूस म्हणजे नेहमीच मोठा छळ असतो असे नाही. कधीकधी तो रोजचा दीड तास असतो, गर्दीच्या डब्यात उभ्याने काढलेला. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल आपल्याला आठवण करून देतो की, स्नानसंस्कारात आपण ख्रिस्ताबरोबर मेलो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनासाठी उठलो. ते नवे जीवन फक्त वेदीसमोर जगायचे नसते. ते सोमवारी सकाळी, शिडीच्या पाचव्या पायरीवर, कोणी पाहत नसतानाही जगायचे असते.

उष्णता जाते कुठे?

या कारागिरांकडून मी एक गोष्ट शिकलो. एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता तो उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आतला गॅस ती उष्णता पोटात घेतो, कॉम्प्रेसर तो दाबतो आणि बाहेरच्या कॉइलमधून ती हवेत सोडली जाते. आत गारवा आला याचा अर्थ बाहेर कोणाच्या तरी वाट्याला तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच उष्णता आली.

कोणाच्या वाट्याला? कधी फुटपाथवर भाजी घेऊन बसलेल्या मावशीच्या, कधी शेजारच्या चाळीतल्या खिडकीच्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र लिहिले. त्यात वाढत्या एसींचा त्यांनी स्पष्ट उल्लेख केला आहे. आपल्या वापराच्या सवयी पृथ्वीला कशा जाचक होतात, याचे उदाहरण म्हणूनच त्यांनी तो दिला. रोग्याला गारवा देणे ही सेवा आहे. रिकाम्या सभागृहात अठरा अंशांवर चार एसी चालू ठेवणे ही उधळपट्टी आहे. यंत्र तेच आहे. ते कोणासाठी आणि किती चालवायचे, हे माणसाच्या विवेकावर आहे.

इथेही त्या नवीन मुलाच्या हाती मोठी गोष्ट असते. अनेक जुन्या मशिनांत आर-२२ नावाचा गॅस असतो. तो ओझोनच्या थराला घातक आहे, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद केला जात आहे. शिवाय तो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-२२ पृथ्वीला सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापवतो. नव्या मशिनांतला आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही आणि तापवतोही कमी, पण तोही सुमारे पावणेसातशे पट. मशीन हलवताना गॅस नीट सिलिंडरमध्ये काढून घ्यायला किंवा बाहेरच्या युनिटमध्ये जमवायला वेळ लागतो. नट ढिला करून 'फुस्स' करून सोडून द्यायला मिनिटभर पुरते, आणि गॅसला ना रंग असतो ना साक्षीदार. तरीसुद्धा जो मुलगा थांबतो, व्हॉल्व्ह बंद करतो, पाइप जोडतो आणि गॅस वाया जाऊ देत नाही, तो अजून न जन्मलेल्या लेकरांना पेलाभर गार पाणी देतो.

आपण काय करायचे?

आजच्या पहिल्या वाचनात शूनेम गावच्या त्या बाईची गोष्ट आहे. अलीशा संदेष्टा येता-जाता तिच्याकडे जेवत असे. या माणसाला टेकायला जागा हवी, हे तिने ओळखले आणि नवऱ्याला सांगून गच्चीवर छोटी खोली बांधून घेतली. आत खाट, मेज, बैठक आणि दिवा ठेवला. नुसते 'देव तुमचे भले करो' म्हणून ती थांबली नाही. काम करणाऱ्याला काय लागते ते तिने डोळे उघडे ठेवून पाहिले आणि तेवढे दिले.

आपल्यालाही तसेच करता येईल. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात कामगाराच्या न्याय्य मजुरीची बाजू मांडली. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना त्याच विश्वपत्राची आठवण केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्सेरचेन्स'मध्ये आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. कामगाराला प्रत्यक्ष पगार देणारा एक मालक असतो. त्याशिवाय, ज्यांच्या नियमांवर आणि निर्णयांवर त्याच्या कामाच्या अटी ठरतात, असे अप्रत्यक्ष मालकही असतात, आणि त्यांच्यावरही जबाबदारी येते. ठेकेदार हा पहिला. पण सर्वांत कमी बोलीचाच ठेका मंजूर करणारे कार्यालय, आणि सेवा हवी पण तिची किंमत नको म्हणणारे आपण नागरिक, यांना हात झटकता येतील काय?

म्हणून काही साध्या विनंत्या करतो.

जे पालिकेत किंवा कंपनीत वरच्या जागेवर आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या मुलाला सेफ्टी बेल्ट न देता कठड्यावर पाठवू नये. दोन माणसांचे काम एकावर टाकून चार सह्या मागू नयेत. खोट्या सहीचे पाप फक्त सही करणाऱ्याच्या माथी लागत नाही.

ज्यांच्या घरी एसी दुरुस्त करायला मुलगा येतो, त्यांनी त्याला नावाने हाक मारावी, बसायला खुर्ची द्यावी आणि आधी पाणी विचारावे. गार पाणी घरात आणण्याचे काम ज्याचे, त्यालाच तहानलेले ठेवू नये. ठरलेल्या पैशांत उगाच घासाघीस करू नये.

आईबापांनो, मुलाला पुस्तकापेक्षा पाना जास्त आवडत असेल तर तोंड पाडू नका. आयटीआयची दारे उघडी आहेत. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यामुळे शिकता शिकता विद्यावेतनही मिळते. आणि मुलगी हे काम करू म्हणाली तर तिलाही अडवू नका.

तरुणांनो, पहिल्या वर्षी फक्त जाळ्या धुवायला मिळतील. त्या नीट धुवा. थोडक्यात इमानदार असणाराच पुष्कळात इमानदार असतो, हे प्रभूने संत लूकच्या सोळाव्या अध्यायात शिकवले आहे. नियम पाळा, बेल्ट लावा, शिकणे थांबवू नका. आणि कोणी खोटे लिहायला लावले तर एकटे राहू नका. लघुख्रिस्ती समूहात बोला, माझ्याकडे या. नोकरी गेलीच, तर दुसरी शोधून देणे ही या धर्मग्रामाची जबाबदारी आहे. आपल्यातले जे तीस-तीस वर्षे हेच काम करून आता निवृत्त झाले आहेत, त्यांनी आपली ओळखपाळख अशा मुलांसाठी वापरावी. यासाठी इच्छुकांनी मिस्सानंतर धर्मग्राम कार्यालयात नाव द्यावे.

नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात एक सुंदर उपमा आहे. सुगीच्या तापात बर्फाचा गारवा जसा सुखावतो, तसा विश्वासू निरोप्या आपल्या धन्याचा जीव निववतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतल्या त्या ज्ञानी माणसांना कॉम्प्रेसर ठाऊक नव्हता, पण विश्वासू माणूसच दुसऱ्याच्या जिवाला गारवा देतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

दानीएलच्या पुस्तकातले ते तीन तरुण आठवा. भट्टीत टाकले असता त्यांच्याजवळ देवदूत उतरला आणि आगीच्या मधोमध दवाने भरलेली झुळूक वाहू लागली. त्याच आगीतून त्यांनी देवाच्या स्तुतीला सगळ्या सृष्टीला हाक दिली, आणि उष्णतेला व थंडीलाही त्यातून वगळले नाही. ज्यांची नोकरीच उष्णता आणि थंडी यांच्यामध्ये आहे, त्यांना ते स्तुतिगीत रोज गाता येईल. त्यासाठी गळा गोड असण्याची गरज नाही. काटा वाचला, खरा आकडा लिहिला, की ते स्तुतिगीत झाले.

आपण प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, नाझरेथच्या घरात तू स्वतः हातांनी काम केलेस. जे आमच्यासाठी गारवा राखतात, त्या सर्व कारागिरांना उंचावर, विजेपाशी आणि आगीपाशी सुखरूप ठेव. त्यांच्या हातांना कौशल्य दे, सहीला सत्य दे, आणि त्यांच्या घरांना पुरेशी भाकर दे. आम्हाला त्यांच्याकडे आदराने पाहायला शिकव. आणि आमच्या हातून एखाद्या लहानग्याला पेलाभर जरी गार पाणी मिळाले, तरी ते तुझ्याच ओठी लागले, अशी आमची श्रद्धा दृढ कर. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू